झोके काढून माती, पाणी, ओंडके : उद्यानात निसर्गखेळाची जागा कशी उभी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सार्वजनिक उद्यानात साधारण हजार चौरस मीटरचा कोपरा आहे. तिथले झोके आणि घसरगुंडी गंजून बाद झाली आहेत. त्या जागी मुलांसाठी निसर्गखेळाची जागा करावी असं उद्यान समितीच्या मनात आहे. काही सदस्य म्हणतात, तयार लाकडी खेळणी आणून बसवू. काहींना चिखल, साप, डास आणि पडून होणाऱ्या इजा यांची धास्ती वाटते. जागेत काय असावं, सुरक्षितता कशी सांभाळावी आणि ही जागा पुढे टिकेल कशी, असं विचारलं आहे.

मी बरीच वर्षं उद्यानरचनेचं काम करतो आणि त्यातला मोठा भाग मुलांच्या जागांवर गेला आहे. म्हणून जे मला स्वतःला उशिरा कळलं तेच आधी सांगतो. नकाशा काढायच्या आधी, या जागेकडे रोज कोण बघणार त्या माणसाचं नाव कागदावर लिहा. नाव सुचत नसेल तर काम थोडं पुढे ढकला, पण नाव ठरल्याशिवाय एक फावडंही मारू नका.

याचं कारण साधं आहे. पोलादी घसरगुंडीकडे सहा महिने कुणी बघितलं नाही तरी ती घसरगुंडीच राहते. माती, वाळू, पाणी, लाकूड यांचं तसं नसतं. ही सगळी रोज बदलणारी द्रव्यं आहेत. मुलांनी खणलेली वाळू कडेला जाते, ओंडका एका बाजूने कुजायला लागतो, झुडूप वाढून वाट अडवतं. बदलतात म्हणूनच मुलं त्यांच्याशी तासन्‌तास खेळतात, आणि बदलतात म्हणूनच त्यांना रोज एक जाणती नजर लागते.

विचार तसा जुनाच आहे. डेन्मार्कचे उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. आखीवरेखीव क्रीडांगणं सोडून मुलं बांधकामाच्या जागी आणि भंगारात जास्त रमतात. 1931 मध्ये त्यांनी ही कल्पना लिहून मांडली. 1943 मध्ये, देश जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात ती प्रत्यक्षात आली. फळ्या, विटा, माती, जुनी चाकं असलं सामान आणि ते वापरायला मोकळी मुलं. पण एम्ड्रुपची गोष्ट सांगताना लोक सामानापाशीच थांबतात. तिथे पहिल्या दिवसापासून एक माणूस होता, जॉन बर्टेलसन. मुलांना काय खेळा हे तो सांगत नसे. हत्यारं देणं, सामान आणणं, भांडण हाताबाहेर जात असेल तर जवळ जाऊन उभं राहणं, हे त्याचं काम. महायुद्धानंतर ब्रिटिश उद्यानरचनाकार लेडी अ‍ॅलन ऑफ हर्टवुड यांनी ती जागा पाहिली आणि ब्रिटनमध्ये बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या रिकाम्या जागांवर तशीच क्रीडांगणं उभी राहावीत म्हणून खटपट केली. टोकियोच्या सेतागाया भागात 1979 मध्ये सुरू झालेला हानेगी प्लेपार्कही असाच, रहिवासी आणि स्थानिक प्रशासन यांनी मिळून चालवलेला. तिथेही बर्टेलसनसारखा एक माणूस, म्हणजे खेळनेता, असतोच. ज्या जागा इतकी वर्षं टिकल्या त्यांच्यात मला सारखेपणा दिसतो तो सामानात नाही, माणसात.

आता लाकडी खेळण्यांचं. लाकडाचा किल्ला, लाकडाचा पूल, लाकडाची घसरगुंडी बसवली की जागा 'नैसर्गिक' झाली असं समितीला वाटतं, आणि ते समजण्यासारखं आहे, कारण कॅटलॉगमध्ये तसंच लिहिलेलं असतं. पण मुलाच्या दृष्टीने लाकडी किल्ला आणि प्लॅस्टिकचा किल्ला यांत फारसा फरक नाही. दोन्ही किल्ले दुसऱ्या कुणीतरी पूर्ण करून ठेवलेले आहेत. ब्रिटिश शिल्पकार सायमन निकोल्सन यांनी 1971 मध्ये सुट्या वस्तूंचा सिद्धान्त मांडला. त्याचा गाभा असा की एखाद्या जागेत मुलाला हलवता, जोडता, मोडता येतील अशा गोष्टी जितक्या जास्त आणि जितक्या तऱ्हेच्या, तितकी त्याच्या कल्पकतेला वाट जास्त. मी जागा तपासायला जातो तेव्हा एकच प्रश्न घेऊन जातो: इथे मूल काय उचलून दुसरीकडे नेऊ शकतं? उत्तर 'काहीच नाही' असेल तर भोवती कितीही झाडं असोत, ती निसर्गखेळाची जागा नाही.

हे नजरेसमोर यावं म्हणून एक प्रसंग सांगतो. एका जागी आम्ही हातपंप बसवला होता. दांडा हलवला की थोडंसं पाणी दगडी पन्हळीत पडायचं आणि उतारावरून वाळूत जिरायचं. पाच-सहा वर्षांचा एक मुलगा पन्हळीत सालीचा तुकडा आडवा धरून बसला होता. पाणी तुंबलं, मग कडेने निसटलं. त्याने कडेला ओली वाळू लावली. ती वाहून गेली. त्याने जरा जाड वाळू आणली, तीही गेली. एवढ्यात एक अनोळखी, मोठी मुलगी आली. ती काही न बोलता बाजूला बसली आणि वाळूच्या खाली एक चपटा दगड दाबून धरला. पाणी थांबलं. दोघंही पंपावरच्या मुलाकडे बघून एकदम ओरडली, "थांब, आता नको!" आणि लगेच, "आता सोड!" चाळीस मिनिटं हे चाललं. शेवटी त्यांनी साल काढून घेतली, साठलेलं पाणी एकदम खाली धावलं आणि वाळूत एक नवी नदी पडली. मुलगा त्या नदीच्या काठाने पालथा पडून शेवटपर्यंत बघत राहिला. ही जागा आम्ही त्याला दिली होती, पण तिथला धरणाचा खेळ सर्वस्वी त्याचा होता. हातपंप मुद्दाम बसवला होता. नळ असता तर पाणी सतत वाहिलं असतं आणि पंप मारणारा तिसरा मुलगा या खेळात आलाच नसता. पाणीही वाया गेलं असतं ते वेगळंच.

हजार चौरस मीटर म्हणजे साधारण 25 बाय 40 मीटर. जागा पुरेशी आहे, फक्त तिथे सगळंच मांडायचा मोह टाळा. माझ्या मते चार गोष्टी हव्यात: टेकाड, पाणी-वाळू, ओंडके आणि झुडपांची लपण. मोठी झाडं आधीच असतील तर अर्धं काम झालेलंच आहे.

टेकाडापासून सुरुवात करतो, कारण चुका तिथेच जास्त होतात. दोन मीटर उंच, वर दोन मीटर रुंद गोल, सपाट माथा आणि चहूबाजूंनी एकास तीन उतार (एक मीटर उंचीला तीन मीटर आडवं अंतर) असा हिशेब धरला तर पायथा 14 मीटर रुंद होतो आणि सुमारे 120 घनमीटर माती लागते. कागदावर 'छोटं टेकाड' लिहिणाऱ्यांना हा आकडा आधी दाखवा. माती एकदम ओतून आकार द्यायचा नाही. 20 ते 30 सेंटिमीटरचे थर टाकून प्रत्येक थर दाबत वर यायचं आणि शेवटचा तेवढाच थर भुसभुशीत, सुपीक मातीचा ठेवायचा. एका कामात कंत्राटदाराने दोन दिवसांत सगळी माती ओतून वरून हिरवळ पसरली आणि मी ते चालवून घेतलं. पहिल्या मोठ्या पावसात एक बाजू घसरून वाळूच्या खड्ड्यात आली. खड्ड्यातली सगळी वाळू चाळून काढावी लागली, आणि मुलांनी ज्या जागेची इतकी वाट पाहिली होती ती दोन महिने बंद राहिली. मला ते फार लागलं होतं.

गवत रुजायला एक पूर्ण वाढीचा हंगाम द्या, तोवर टेकाडाभोवती दोरी बांधा. तरीही मुलं जिथून धावत चढतील तिथे गवत जाणारच. ती वाट बुजवू नका. त्या वाटेवर आडव्या फळ्या किंवा अर्धे गाडलेले दगड बसवून ती पायवाट पक्की करा. घसरगुंडी हवीच असेल तर ती या टेकाडाच्या उतारावर टेकवून बसवा. खांबांवर उभ्या असलेल्या घसरगुंडीवरून मूल दोन मीटर खाली पडू शकतं. उतारावर टेकलेल्या घसरगुंडीच्या बाजूने पडलं तर ते गवतावर लोळतं, एवढंच.

वाळूचा खड्डा सहा बाय आठ मीटर आणि 45 सेंटिमीटर खोल धरा, म्हणजे जवळपास 22 घनमीटर वाळू. तळाशी खडीचा थर, त्यावर पाणी जाऊ देणारं कापड, मग वाळू. निचरा झाला नाही तर दोन महिन्यांत वास यायला लागतो. वाळू धुतलेली हवी, पण अगदी एकसारख्या गोल दाण्यांची नको, तिचे किल्ले उभे राहत नाहीत. विकत घेण्याआधी मूठभर ओली करून दाबून बघा, मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे. पंप खड्ड्याच्या वरच्या अंगाला, आणि पन्हळीच्या शेवटी पाणी मुरायला खडीचा शोषखड्डा. हा शोषखड्डा सोडून दिलेली एकही जागा मी धड चाललेली पाहिलेली नाही.

ओंडक्यांबद्दल मला फार आत्मीयता आहे. उद्यानातलंच वादळात पडलेलं किंवा धोकादायक म्हणून तोडलेलं झाड मिळालं तर त्याच्यासारखं खेळणं नाही. बारीक फांद्या मुळापासून कापून घ्या, टोकं घासून गोल करा, सुटणारी साल काढून टाका. ओंडक्याचा साधारण तिसरा हिस्सा जमिनीत जाऊ द्या आणि तीन-चार मोठ्या माणसांनी एकाच वेळी ढकलून बघा. तो जराही लोळता कामा नये. लोळणारा ओंडका ही या जागेतली सर्वांत घातक वस्तू आहे, साप-विंचवांपेक्षाही. रेल्वेचे जुने स्लीपर स्वस्त आणि मजबूत म्हणून कुणी सुचवलं तर ठाम नकार द्या. त्यांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून वापरलेलं डांबरी तेल, मुरलेलं असतं आणि ते मुलांच्या कातडीला लागू देण्याजोगं नाही. तांबं-क्रोम-आर्सेनिकची प्रक्रिया केलेलं लाकूडही नको. अमेरिकेत 2003 च्या अखेरीस ते घरगुती वापरातून, मुलांच्या खेळण्यांसकट, मागे घेतलं गेलं.

स्थिर ओंडके एकीकडे आणि सुटं सामान एकीकडे. काटक्या, सालीचे पट्टे, शंकूसारखी फळं, चपटे दगड, दोन मुलांनी मिळून उचलावेत असे खोडाचे गोल तुकडे, थोडी जाड दोरी. हे सामान झिजतं, हरवतं, घरी जातं. दर महिन्याला नवं आणायचं हे गृहीतच धरा. छाटणीचा हंगाम आला की माळ्याला सांगून ठेवा, कचऱ्याच्या गाडीत जाणारा निम्मा माल इथे कामाचा असतो. अगदी लहान, रांगती-चालायला लागलेली मुलं येत असतील तर त्यांच्या कोपऱ्यात घशात अडकेल एवढं बारीक काहीही ठेवू नका.

लपणीसाठी झुडपं लावताना एक माप लक्षात ठेवा. मुलाला वाटलं पाहिजे आपण लपलो आहोत, आणि कडेच्या बाकावर बसलेल्या आईला किंवा आजोबांना त्याचं डोकं दिसलं पाहिजे. म्हणजे झुडपं साधारण मीटरभर उंचीवर राखायची आणि आतल्या वाटा वाकड्या ठेवायच्या. दोन्ही टोकांना बाहेर पडायला जागा हवी, एकच तोंड असलेल्या गुहेत मोठी मुलं लहानांना कोंडतात. लावण्याआधी विषारी झाडांची यादी तपासा. कण्हेर, पिवळी कण्हेर, धोत्रा, एरंड, गुंज यांना इथे थारा नाही. गुंजेच्या लालचुटुक बिया तर हातात घ्याव्याशाच वाटतात, आणि चावल्या गेल्या तर जिवावर बेततं.

जुन्या झाडांखाली खेळ होणार असेल तर मुळांचा विचार करा. झाडाची अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरात असतात. शेकडो पावलांनी माती घट्ट झाली की त्यांना हवा मिळत नाही आणि झाड काही वर्षांत वरून वाळायला लागतं. तेव्हा बुंध्याभोवती जाड लाकडी तुकड्यांचा दहा सेंटिमीटर थर पसरा, पण खोडाला टेकू देऊ नका, वीतभर मोकळं सोडा. टेकाडाची माती झाडाच्या बुंध्याशी कधीच चढवू नका.

आता इजेची भीती. इथे मी दोन शब्द वेगळे वापरतो: जोखीम आणि धोका. जी गोष्ट मुलाला दिसते, कळते, आणि करू की नको हे ठरवता येतं ती जोखीम. उंच ओंडक्यावरून चालणं ही जोखीम. त्याच ओंडक्याच्या खालच्या बाजूने लपलेला खिळा हा धोका. जोखीम ठेवायची, धोका काढायचा. नॉर्वेतल्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी 2007 मध्ये मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धारदार हत्यारं, पाणी-आगीसारखी द्रव्यं, दांडगाई आणि नजरेआड जाणं. मुलं हे शोधतातच. इथे मिळालं नाही तर रस्त्यावर किंवा गच्चीच्या कठड्यावर शोधतील. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विषयक सरकारी यंत्रणेनेही 2012 मध्ये स्पष्ट सांगितलं की खेळातली जोखीम शून्यावर आणणं हे उद्दिष्ट नाही. 2023 मध्ये आलेलं आयएसओ 4980 हे आंतरराष्ट्रीय मानकही तोटा एकटा न मोजता लाभ आणि जोखीम शेजारी शेजारी ठेवून तोलायला सांगतं. समितीत वाद झाला तर हाच मार्ग घ्या. प्रत्येक वस्तूसाठी एक पान करा. मुलाला काय मिळतं, काय बिघडू शकतं, आम्ही काय केलं, आणि तरीही काय उरतं, हे त्यावर लिहा. खाली सही आणि तारीख टाका. उद्या प्रश्न उठला तर हे पान तुमच्या बाजूने बोलेल.

पडण्याची मापं मात्र भावनेवर सोडू नका. मैदानी खेळण्यांच्या ईएन 1176 या युरोपीय मानकाचा आधार घ्या. त्यानुसार पडण्याची उंची कुठेही तीन मीटरच्या वर नको. 60 सेंटिमीटरपेक्षा उंचावरून पडण्याची शक्यता असेल तिथे खाली आघात झेलणारा पृष्ठभाग हवा. चांगली, जिवंत हिरवळ साधारण एक मीटरपर्यंत चालते. त्यापुढे वाळू, बारीक गोल खडी किंवा लाकडाचे तुकडे: दोन मीटर उंचीपर्यंत 20 सेंटिमीटर, तीन मीटरपर्यंत 30 सेंटिमीटर, आणि पायांनी सरकतं म्हणून वर आणखी 10 सेंटिमीटर. हा थर वस्तूच्या कडेपासून सगळीकडे किमान दीड मीटर पसरलेला असावा, उंची वाढली की आणखी. त्या पट्ट्यात दगड, ओंडक्याचा बुंधा, बाक असं काही असता कामा नये. दुसरं माप फटीचं. उंचावरच्या बांधणीत 89 ते 230 मिलिमीटर रुंदीची फट ठेवू नका, त्यात मुलाचं धड जातं आणि डोकं अडकतं. ओंडके एकावर एक रचताना अशा फटी नकळत तयार होतात. मी खिशात 9 सेंटिमीटर रुंदीचा लाकडी ठोकळा ठेवतो. तो जिथे शिरतो तिथे थांबून नीट बघतो.

माझ्या हिशेबात सर्वांत मोठा छुपा धोका मात्र डोक्यावर असतो: वाळकी फांदी. वर्षातून एकदा झाडांच्या जाणकाराकडून आणि प्रत्येक वादळानंतर स्वतः वर बघून घ्या.

साप हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये. साप दोन गोष्टींसाठी येतो: उंदीर आणि अडचणीची जागा. म्हणून खाण्याची जागा खेळापासून लांब ठेवा आणि झाकणाचा कचराडबा रोज रिकामा करा. ओंडक्यांखालच्या पोकळ्या माती ठासून बंद करा. सुट्या लाकडांचा ढीग जमिनीवर रचू नका, जमिनीपासून गुडघाभर उंच जाळीच्या मांडणीवर ठेवा. जागेच्या सीमेवर दोन मीटरचा पट्टा कापलेल्या गवताचा ठेवा. रोज सकाळी मुलं येण्याआधी माणसाने काठी आपटत एक फेरी मारली की बहुतेक काळजी मिटते. डासांसाठी तर एकच नियम पाळा. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून कोणतंही पाणी आठवडाभर एका जागी राहू द्यायचं नाही. कायमचं तळं करू नका. अगदी थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, हे दुसरं कारण.

राहिला चिखल. पालकांच्या तक्रारी सर्वांत जास्त याच्याच असतात आणि उपाय सर्वांत सोपा असतो: बाहेर पडताना हात-पाय धुवायला एक नळ, चपला काढून ठेवायला एक फळी. मातीने मुलं आजारी पडतील असं वाटणाऱ्यांना दोन अभ्यास सांगावेसे वाटतात. फिनलंडमध्ये 3 ते 5 वर्षांच्या 75 मुलांवरचा एक प्रयोग 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. काही पाळणाघरांच्या खडी टाकलेल्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली. 28 दिवसांत तिथल्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात प्रतिकारशक्तीचं संतुलन दाखवणाऱ्या काही खुणाही बदलल्या. मुलं थोडी होती आणि काळही कमी, त्यामुळे यातून आजार टळतात असा अर्थ काढू नका. पण मातीला घाबरण्याचं कारण त्यात नक्कीच नाही. दुसरा अभ्यास नॉर्वेतल्या इंगुन फ्योर्टॉफ्ट यांचा, 2001 चा. शाळेआधीच्या वयाची मुलं जवळच्या जंगलात रोज खेळत होती. ती समतोल आणि हालचालींचा मेळ यांत साध्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. सपाट रबरावर दोन पावलं सारखीच पडतात. खडबडीत जमिनीवर प्रत्येक पाऊल वेगळं टाकावं लागतं.

वाळूत मांजरं घाण करतात ही तक्रार मात्र खरी आहे, त्यातून जंतांची अंडी पसरतात. खड्डा लहान असेल तर रात्री जाळी पसरा. मोठा असेल तर रोज दाताळ्याने वरची वाळू ओढा आणि वर्षातून एकदा सगळी तळापासून उलथून उन्हाला घाला.

आता पुन्हा त्या माणसाकडे. त्याचं रोजचं काम वीस मिनिटांचं आहे: फेरी मारणं, काचा आणि खिळे उचलणं, विष्ठा काढणं, ओंडक्यांना पायाने धक्का देऊन बघणं. आठवड्याला वाळू परत खड्ड्यात ओढणं आणि लाकडी तुकड्यांच्या थरात पट्टी रोवून जाडी मोजणं. वर्षाला प्रत्येक खांब आणि ओंडका जमिनीच्या रेषेवर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघणं. लाकूड वरून ठणठणीत दिसतं आणि कुजतं ते नेमकं तिथेच, जिथे ओल आणि हवा एकत्र येतात. टोक सहज आत शिरलं तर तो ओंडका काढा आणि झुडपांत किड्यांसाठी टाकून द्या. एक वही ठेवा आणि इजा त्यात लिहा. खरचटण्याची नोंद झाली म्हणून घाबरू नका, पण एकाच जागी तिसऱ्यांदा तीच इजा झाली तर ती जागा त्याच दिवशी बदला. उपलब्ध रकमेचा एक तृतीयांश पहिल्या दिवशीच देखभालीसाठी बाजूला काढा. हे ऐकून समित्या नाराज होतात, तरी मी त्यावर अडून बसतो.

विश्रांतीही ठरवून द्या. मेलबर्नच्या रॉयल बोटॅनिक गार्डन्समध्ये 2004 साली सुरू झालेली मुलांची बाग दर हिवाळ्यात काही आठवडे चक्क बंद ठेवतात, जमीन आणि झाडं सावरावीत म्हणून. तुमच्याकडे पूर्ण बंद ठेवणं जमणार नसेल तर जागेचे दोन भाग करून आळीपाळीने दोरी बांधा. मुलं हे फार पटकन समजून घेतात. 'झाडं झोपली आहेत' एवढं पाटीवर लिहिलं की चार वर्षांचं मूलही दुसऱ्याला दोरी ओलांडू देत नाही, हे मी पाहिलं आहे.

चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या मुलाचा विचार शेवटी जोडायचा नसतो, तो पहिल्या आराखड्यातच हवा. दीड मीटर रुंद, विसात एकपेक्षा कमी चढाची, दाबलेल्या बारीक खडीची वाट थेट पंपापर्यंत आणि वाळूच्या कडेपर्यंत न्या. लाकडी तुकड्यांत चाकं रुततात. पन्हळीचा एक भाग उंच उचला, खाली गुडघे जातील एवढी पोकळी ठेवा, म्हणजे ते मूल बघ्या न राहता धरण बांधायला बसेल.

मुलांना विचारायचं का? जरूर, पण 'तुम्हाला काय हवं' असं विचारू नका. ती माहीत असलेलंच सांगतात, मोठी घसरगुंडी. त्याऐवजी एक ढीग माती, दहा ओंडके आणि काटक्यांचा भारा त्या कोपऱ्यात टाका आणि दोन आठवडे बाकावर बसून बघा. मुलं कुठे खणतात, कुठून पळतात, दुपारी चार वाजता कुठल्या सावलीत जमतात, हे नकाशावर खुणा करून ठेवा. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराने 1990 च्या दशकापासून आपली बरीच क्रीडांगणं अशा नैसर्गिक रूपात आणताना परिसरातल्या मुलांना आणि पालकांना कामात घेतलं. ज्या मुलाने स्वतः झुडूप लावलेलं असतं ते त्याची फांदी मोडू देत नाही, आणि त्याचे आईवडील चिखलाची तक्रार घेऊन येण्याआधी दोनदा विचार करतात.

तर सुरुवात या मातीच्या ढिगापासून करा. दोन आठवड्यांनी मला चार गोष्टी कळवा: मोठ्या झाडांची जागा आणि बुंध्याचा घेर, चार वाजताची सावली, पावसाचं पाणी कुठल्या दिशेने वाहतं, आणि त्या माणसाचं काम ठरलं का. पहिल्या तिन्हींवरून टेकाड आणि पंप कुठे बसवायचा ते सांगता येईल. चौथ्यावरून खड्डा किती मोठा घ्यायचा ते ठरेल.